‘गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील’ असे येशू म्हणाला, मग ख्रिस्ती लोक गरिबीला देवाची इच्छा मानतात का?

आपण विचारले आहे की येशूनेच गरीब कायम राहतील असे सांगितले असेल, तर दारिद्र्य दूर करण्याच्या खटपटीला ख्रिस्ती धर्मात काय अर्थ उरतो, आणि ख्रिस्ती संस्था करतात ती सेवा शेवटी धर्मांतरासाठीच असते का. मी डिचोली तालुक्यातला कॅथलिक आहे, मराठी शाळेत शिकलो आहे आणि बरीच वर्षे आमच्या चर्चमधील विन्सेंट दि पॉल सोसायटीचे, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचे, काम करतो, त्यामुळे मला जे उमजले आहे तेवढेच लिहितो.

ते वाक्य बायबलच्या नव्या करारात, येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात येते आणि बहुतेक वेळा अर्धेच सांगितले जाते. पुढचा भाग असा आहे की तुमची इच्छा असेल तेव्हा तुम्हांला त्यांचे भले करता येते. येशूचे ऐकणारे यहुदी होते. हे शब्द बायबलच्या जुन्या करारातील, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातील, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण देणारे आहेत, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसेल. तो अध्याय मुळात कर्जाविषयी आहे. दर सातव्या वर्षी ऋणकोचे कर्ज सोडून द्यावे, सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजू भावाला उसने देताना हात आखडू नये, असे त्यात बजावले आहे. तुमच्यात कोणी दरिद्री असू नये असे चौथे वचन म्हणते, आणि देशातून दरिद्री नाहीसे होणार नाहीत म्हणून हात सैल सोडा, असे अकरावे. म्हणजे ज्या वाक्याचा आधार घेऊन गरिबी अटळ ठरवली जाते, ते मुळात एका आज्ञेचे कारण म्हणून आलेले आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील लाजराचा दृष्टान्त मला याहून अधिक बोचतो. श्रीमंत माणूस जांभळी, तलम वस्त्रे नेसून रोज मेजवान्या झोडतो, त्याच्या दरवाजाशी फोडांनी भरलेला लाजर पडून असतो आणि कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. येशूच्या दृष्टान्तांत नाव मिळालेला भिकारी हा एवढाच, आणि त्या धनिकाला मात्र नाव नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रात नेमके याच्या उलट असते. त्या धनिकाने लाजराला मारले, लुबाडले किंवा हाकलले असे कुठेही म्हटलेले नाही. त्याचा दोष एवढाच की दरवाजा त्याचा होता आणि त्यातून तो रोज जा-ये करत होता. चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्तोम या ख्रिस्ती धर्मगुरूंनी याच दृष्टान्तावर प्रवचने दिली आणि आपल्याजवळचे गरिबांना न देणे ही चोरीच आहे, असे स्पष्ट सांगितले. मग ते दान उरत नाही, परतफेड ठरते. आमच्या सुंदर गोव्यात पोटासाठी आलेल्या मजुराला ‘घाटी’ म्हणून हिणवणाऱ्यांत रविवारी न चुकता मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जाणारेही आहेत, हे मी लपवू इच्छित नाही.

धर्मांतराविषयी बोलायचे, तर पोर्तुगीज अमलातील सक्तीचा इतिहास गोव्यातल्या कोणत्याही प्रामाणिक ख्रिस्ती माणसाने नाकारू नये, आणि तुमच्या शंकेचे मूळ तिथे असेल तर मला तिचा राग येत नाही. पण त्याच गोव्यातील बाणावलीत १६५१ साली जन्मलेले धर्मगुरू जोझफ वाझ लंकेत गेले आणि १६९७ साली कँडीत देवीची साथ आली तेव्हा, लोक आपल्याच रोग्यांना टाकून पळत असताना, धर्म न विचारता त्यांची शुश्रूषा करत राहिले. सेवेच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा सौदा झाला, आणि मत्तयच्या सहाव्या अध्यायात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असे म्हटले आहे ते असल्या सौद्यालाही लागू पडते. आमच्या सोसायटीच्या बैठकीत शेवटी दानासाठी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकजण बंद मूठ आत घालतो आणि उघडी बाहेर काढतो, त्यामुळे कोणी किती टाकले, किंवा काहीच टाकले नाही, हे शेजाऱ्यालाही समजत नाही.

या सगळ्याचा अर्थ मला पुस्तकापेक्षा एका अंगणात अधिक कळला. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या आणि आमच्या भागात ज्यांना कोणी गरीब म्हटले नसते अशी घरे काही महिन्यांत खचली. आम्ही नेहमी दोघे मिळून घरभेटीला जातो, तसे एका टिपरवाल्याकडे, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकच्या मालकाकडे, गेलो. तो हिंदू होता, त्याचे नाव आम्हांला त्याच्या शेजाऱ्याने सुचवले होते. अंगणात दोन टिपर उभे होते, त्यांच्या चाकांभोवती गुडघाभर गवत वाढले होते. त्याने आम्हांला बसवले, चहा दिला, आणि मी तांदळाची पिशवी पुढे केली तेव्हा त्याच्या बायकोने नजर वळवली. तांदूळ अजून घरात आहेत, असे तो शांतपणे म्हणाला. बँकेचे हप्ते थकले आहेत, तिथे आपल्याला कोणी धड बोलू देत नाही, तुमच्यापैकी एकजण सोबत याल का, असे त्याने विचारले. मला अनुवादाचा पंधरावा अध्याय तेव्हा आठवला नाही, घरी परतल्यावर आठवला. सोमवारी आम्ही बँकेत गेलो, दीड तास बाकावर बसलो, आणि हप्त्यांना तीन महिन्यांची मुदत मिळाली, त्याहून अधिक काही नाही. तांदळाची ती पिशवी मी त्याच दिवशी स्कूटरला अडकवून परत आणली होती.