पोस्टडॉकचा करार, रोपांच्या पिढ्या आणि घरातले निर्णय

प्रश्न: माझी पत्नी वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्रात पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतरची मुदतीची संशोधक) म्हणून काम करते, ही तिची दुसरी पोस्टडॉक आहे. करार संपायला १४ महिने उरले आहेत. मला दुसऱ्या देशातून चांगल्या नोकरीचा प्रस्ताव आला असून महिन्याभरात उत्तर कळवायचे आहे. ती म्हणते, ‘ही पिढी हातात येऊ दे, मग बोलू.’ हे वाक्य मी दोन वर्षे ऐकतो आहे. रविवारीही ती दोन-तीन तास प्रयोगशाळेत जाऊन येते. मुलीची शाळा पुढच्या वर्षी सुरू व्हायची आहे. दोन्हीकडचे आईवडील फोनवर विचारतात, ‘ती अजून शिकतेच आहे का?’ ती निर्णय टाळते आहे, असे मला आता वाटू लागले आहे. मी किती थांबावे?

उत्तर: ‘ही पिढी हातात येऊ दे’ हे वाक्य मी स्वतः दोन पोस्टडॉकच्या सात वर्षांत आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले आहे की, आपले पत्र वाचताना मला थोडी लाज वाटली आणि थोडे हसूही आले. आपल्या पत्नी निर्णय टाळत आहेत की नाही, हे मी इतक्या दुरून सांगू शकत नाही. मात्र ते वाक्य ही सबब नसून हिशेब असतो, हे मी खात्रीने सांगू शकते. आणि हा हिशेब घरातल्या दुसऱ्या माणसाला कोणी समजावून दिलेला नसतो, ही खरी अडचण आहे.

त्या कोणत्या वनस्पतीवर काम करतात हे आपण लिहिलेले नाही. बहुतेक प्रयोगशाळांप्रमाणे ती अरॅबिडॉप्सिस असावी असे मी धरून चालते. मोहरीच्या कुळातले हे एक क्षुल्लक तण आहे. संपूर्ण जनुकसंच वाचून झालेली ही पहिली वनस्पती असून ते काम २००० साली प्रसिद्ध झाले. बी पेरल्यापासून पुन्हा बी मिळेपर्यंत तिला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि वनस्पतींच्या जगात हा वेग फार मोठा मानला जातो. आता त्यावर एक साधा प्रयोग मांडून पाहा. पाच-सहा आठवड्यांच्या, फुलांवर आलेल्या रोपांचे तुरे ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या द्रावणात बुडवायचे, म्हणजे तो जिवाणू आपल्याला हवे असलेले जनुक काही थोड्या बीजांडांत पोहोचवतो. चार-पाच आठवड्यांनी बी तयार होते, ते वाळवायचे आणि कॅनामायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या अगारच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटवर पेरायचे. शंभर बियांमागे जनुक पोहोचलेले, म्हणून तग धरणारे जेमतेम एखादे रोप हिरवे राहते, पुष्कळदा तेवढेही नाही. बाकीची पिवळी पडून मरतात. ते हिरवे रोप मातीत लावायचे आणि त्याच्या बियांची वाट पाहायची. पुढच्या पिढीत तीनास एक या प्रमाणात हिरवी आणि पिवळी रोपे निघाली, तर जनुक एकाच जागी बसले आहे असे समजायचे. त्या हिरव्यांपैकी एक तृतीयांश रोपांतच जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, पण त्यांच्याकडे नुसते पाहून ते ओळखता येत नाही. म्हणून दहा-बारा रोपे वाढवायची, प्रत्येकाचे बी वेगळे ठेवायचे आणि ते पुन्हा पेरायचे. ज्या प्लेटवर एकही पिवळे रोप दिसत नाही, ते कामाचे. इथवर येण्यास, काहीही बिघडले नाही तर, आठ ते नऊ महिने जातात, आणि खरा प्रयोग त्यानंतर सुरू होतो.

रविवारच्या दोन-तीन तासांचे उत्तरही यातच आहे. बी प्लेटवर पेरल्यावर दोन ते चार दिवस चार अंशांच्या थंडीत अंधारात ठेवावे लागते, म्हणजे सगळे एकाच वेळी उगवते. नंतर प्लेट प्रकाशात उभ्या ठेवल्या की मुळे अगारच्या पृष्ठभागावरून सरळ खाली उतरतात आणि सातव्या किंवा दहाव्या दिवशी त्यांची लांबी मोजायची असते. तो दिवस रविवारी आला, तर रविवारीच जावे लागते. आठव्या दिवशीचे मूळ सातव्या दिवसाच्या आकड्यांत मिसळता येत नाही. मात्र गुरुवारी पेरलेले बी कोणत्या वारी मोजायला येणार, हे गुरुवारीच ठाऊक असते. म्हणून पेरणीचा वार घरातल्या कॅलेंडरवर लिहिण्यास सांगावे, इतकी मागणी आपण निःसंकोच करावी. आमच्याकडे ही सोय पाचव्या वर्षी सुचली. ती आधी सुचली असती तर निम्मी भांडणे टळली असती.

त्या गहू, मका किंवा भात यांवर काम करीत असतील, तर वरचे आठवडे महिन्यांत बदला. गव्हाचा जनुकसंच अरॅबिडॉप्सिसच्या सव्वाशेपट आहे आणि त्यात प्रत्येक जनुकाच्या बहुधा तीन जोड्या असतात, त्यामुळे एक जनुक बंद करायचे तर सहाही प्रती बंद कराव्या लागतात. दिवसाला २२ तास प्रकाश देऊन वसंतात पेरल्या जाणाऱ्या गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत मजल मारता येते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्यासाठी लागणारी खोली प्रत्येक प्रयोगशाळेला मिळतेच असे नाही.

‘काहीही बिघडले नाही तर’ असे मी वर लिहिले, त्याबद्दल एक अनुभव सांगते. माझ्या पहिल्या पोस्टडॉकमध्ये एका जोडून आलेल्या सुट्टीत ग्रोथ चेंबरचे (रोपे वाढवण्याच्या बंदिस्त खोलीचे) शीतकरण बंद पडले आणि दिवे मात्र चालू राहिले. यंत्राने धोक्याचा संदेश पाठवला होता, पण तो वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञाच्या फोनवर. मंगळवारी सकाळी दार उघडले, तेव्हा रोपे हिरवीगार होती, म्हणून मी निर्धास्त झाले. तीन आठवड्यांनी शेंगा चिमटीत धरून पाहिल्या, तर एकामागून एक पोकळ निघाल्या. उष्णतेने परागकण वांझ झाले होते. चार महिने गेले. संस्थेने कळवळून पत्र पाठवले, करार मात्र एका दिवसानेही वाढवला नाही. घरी आल्यावर ‘रोपे मेली का?’ असे मला विचारण्यात आले आणि ‘नाही, जिवंत आहेत’ एवढेच मी सांगू शकले. अशा दिवशी माणूस गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ घरात निर्णय टाळणे असा लावला जातो.

आता आपल्या निर्णयाकडे येते. या विषयात काम एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येण्याचा एकच सोयीचा टप्पा असतो, तो म्हणजे वाळलेले बी. फुलांवर आलेली ट्रे कोणी विमानाने नेत नाही. बियांचे मात्र तसे नाही. अरॅबिडॉप्सिसच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ५०,००० बिया मावतात आणि कोरड्या, थंड जागी त्या वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे स्थलांतराचा विचार ‘करार संपल्यावर की आधी’ अशा शब्दांत न करता ‘कोणत्या कापणीनंतर’ अशा शब्दांत करावा. ‘कधी संपणार?’ या प्रश्नाला कोणताही संशोधक प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. ‘दोन्ही प्रती असलेले बी कोणत्या महिन्यात हाती येईल?’ या प्रश्नाला देऊ शकतो, आणि ते उत्तर चुकले तरी आठवड्यांनी चुकते, वर्षांनी नाही. याच आठवड्यात शांतपणे बसून आपण त्यांना एवढेच विचारावे, की सध्या कोणती पिढी मातीत आहे, शोधनिबंधाला तिच्यापुढची पिढी लागणार आहे का, आणि ते काम प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवता येईल का. दुसऱ्या प्रश्नावर त्या थबकल्या तर घाई करू नये. परीक्षक हमखास आणखी एका स्वतंत्र उत्परिवर्ती (तेच जनुक बिघडलेल्या) वाणाची किंवा बिघडलेले जनुक परत घालून रोप पूर्ववत होते, या पुराव्याची मागणी करतात. त्यासाठीचे बी आधीच तयार नसेल तर सहा-आठ महिने वाढतात. हुशार माणसे हे बी मागणी येण्यापूर्वीच पेरून ठेवतात. मी हुशार नव्हते.

नव्या नोकरीच्या होकाराबरोबर रुजू होण्याची तारीख तीन-चार महिने पुढे मागणे हे नकार देण्याहून कितीतरी सोपे असते. आपण आधी जावे आणि पत्नी-मुलीने कापणीनंतर यावे, हाही मार्ग आहे; पण प्रयोगशाळेचे रविवार आणि लहान मूल हे दोन्ही एकट्या माणसावर टाकून तो निवडू नये.

वेळेचे आणखी एक गणित कागदांचे आहे. आपण देश लिहिला नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणचे नियम सांगते. अमेरिकेत जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या) व्हिसावर संशोधक म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. परंतु तो कार्यक्रम मध्येच संपवून बाहेर पडल्यास त्याच वर्गात २४ महिने परत येता येत नाही, त्यामुळे ‘वर्षभर जाऊन येऊ’ हा बेत तिथे चालत नाही. जर्मनीत विद्यापीठातील मुदतीच्या करारांना डॉक्टरेटनंतर साधारण सहा वर्षांची मर्यादा असून मुलामागे दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. आपल्याला मुलगी आहे, म्हणून हे विचारून घ्यावे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपसाठी डॉक्टरेटनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून अधिक झालेला चालत नाही, शिवाय अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे लागते. याचा अर्थ असा, की आपण नव्या देशात कुटुंबासह राहायला गेल्यावर दीड वर्षाने त्यांनी तिथे हा अर्ज करायचे ठरवले, तर दार बंद झालेले असेल. अर्ज करायचाच असेल तर तो जाण्याआधी किंवा पहिल्याच वर्षी करावा. दुसऱ्या पोस्टडॉकमधल्या माणसाच्या बाबतीत ही आठ वर्षे कधी संपतात, ते आजच मोजून पाहा.

आईवडिलांच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यावे: शिक्षण डॉक्टरेटबरोबर संपले, ही मुदतीची नोकरी आहे. हे वाक्य आपण बोलावे, पत्नीला बोलायला लावू नये.

राहिला ‘किती थांबावे’ हा प्रश्न. दुसऱ्या पोस्टडॉकनंतर तिसरी, या वाटेबद्दल माझे मत कडक आहे: प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला एकदाही बोलावणे आलेले नसेल, तर तिसरी पोस्टडॉक करू नये. ते कोणाला पटणार नाही, याची मला कल्पना आहे. वनस्पतींत जनुक-संपादन (जनुकात नेमका बदल) करू शकणाऱ्या माणसाला विद्यापीठाबाहेर बीज-कंपन्यांत आणि पीक-संशोधन संस्थांत मागणी असते, मात्र ती देशोदेशीच्या कायद्यांप्रमाणे बदलते. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये जनुक-संपादित पिकांना जनुक-परिवर्तित पिकांचेच कडक नियम लागू असल्याचा निर्णय दिला, आणि ते सैल करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये मांडला. भारताने २०२२ मध्ये बाहेरचा डीएनए न उरलेल्या संपादित वनस्पतींना आपल्याकडच्या जनुक-परिवर्तित पिकांच्या नियमांतून सूट दिली आणि २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर केले. परतण्याचा विचार असेल, तर भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप पाच वर्षांची असते. नवा देश निवडताना आपल्या पगाराइतकेच या गोष्टींकडेही पाहावे.

निघण्याचे ठरले, तर शेवटच्या महिन्याची वाट न पाहता त्यांनी प्रयोगशाळाप्रमुखांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: कोणत्या बियाण्याची प्रत सोबत नेता येईल, निबंधात नाव कोणत्या क्रमाने येईल आणि उरलेले प्रयोग कोण करील. तोंडी होकार देणारे प्रमुख मनाने वाईट नसतात, पण दोन वर्षांनी त्यांना तो आठवत नाही. प्रयोगवहीच्या प्रती संस्थेच्या परवानगीने काढाव्यात आणि नळ्यांवरची नावे दुसऱ्याला वाचता येतील अशी पुन्हा लिहावीत. ‘३५-ब, नवे’ या चिठ्ठीचा अर्थ सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही लागत नाही. बियाणे सामानाच्या पेटीत टाकून नेण्याचा मोह मात्र दोघांनीही आवरावा. नळी नखाएवढी असली, तरी संस्थांमधला हस्तांतरण करार, ज्या देशात जायचे तिथला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय ती नेणे बेकायदेशीर ठरू शकते. भारतात संशोधनासाठीचा आयात परवाना नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडून मिळतो. ही कागदपत्रे जमायला दोन-तीन महिने सहज लागतात, म्हणून रुजू होण्याची तारीख कळवण्यापूर्वी हे महिनेही हिशेबात धरावेत.