प्रवेश परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ देणे इतरांवर अन्यायकारक नाही का?

आपण विचारले आहे की, प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असताना काही विद्यार्थ्यांना तासामागे २० मिनिटे जास्त का, आणि नुसती वर्तुळे काळी करायच्या परीक्षेत तर ती कशासाठी. यातला दुसरा भाग मी माझ्या मामेभावाकडून इतक्या वेळा ऐकला आहे की, उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा न राहण्याची अवस्था आहे. विचार करायला मला कुणापेक्षा जास्त वेळ लागत नाही. उजवा हात मात्र पेन धरताच आखडतो आणि डाव्याची अवस्था त्याहून वाईट आहे. २०१९ साली मी दिलेल्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते. तयारीच्या दिवसांत बाबांनी घड्याळ लावून मोजले, तेव्हा एक वर्तुळ रेषेबाहेर न जाता भरायला मला सरासरी २३ सेकंद लागत होते आणि माझ्या बहिणीला तीन. फरक २० सेकंदांचा. त्याला १८० ने गुणले की बरोबर एक तास होतो, आणि त्यात कच्ची आकडेमोड धरलेलीच नाही. लेखनिक, म्हणजे उमेदवाराच्या वतीने उत्तरे लिहिणारी व्यक्ती, मी घेतला नव्हता, कारण रसायनशास्त्राची गणिते दुसऱ्याच्या हातून करवून घेणे मला कधीच जमले नाही.

परीक्षेच्या दिवशी तीन तास संपताच पर्यवेक्षकांनी माझी उत्तरपत्रिका उचलली. लेखनिक नाही तर जादा वेळही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, लेखनिक न घेणाऱ्या पात्र उमेदवारालाही तीन तासांच्या परीक्षेसाठी किमान एक तास जास्तीचा द्यावा, असे स्पष्ट लिहिले होते. मी त्यांची प्रत दाखवली; केंद्रप्रमुखांना बोलावले गेले, त्यांनी ती दोनदा वाचली, कुणाला तरी फोन केला आणि २२ मिनिटांनी उत्तरपत्रिका माझ्यासमोर परत आली. ती २२ मिनिटे मात्र परत मिळाली नाहीत. प्रश्नपुस्तिकेत मी खुणा करून ठेवलेली ३१ उत्तरे उत्तरपत्रिकेवर कधी उतरलीच नाहीत. प्रवेश मिळाला, पण हव्या त्या महाविद्यालयात नव्हे, आणि मामेभाऊ भर पंगतीत म्हणाला, "तुला एक तास फुकट मिळाला होता."

फुकट हा शब्दच चुकीचा आहे. त्याच सूचनांमध्ये 'जादा वेळ' ही संज्ञा बदलून 'भरपाईचा वेळ' म्हणावे, असे सांगितले होते. जे आधीच हिरावले गेले आहे, त्याचीच भरपाई होते. डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यात अडथळा आणणारी अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हा वेळ नाकारला गेला, तेव्हा २३ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो तिचा हक्क होता असे मान्य केले, परंतु पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. झालेल्या अन्यायाचे निवारण कसे करता येईल, याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. म्हणून माझे मत असे की, खरा अन्याय पाहायचा असेल तर तो नियमात शोधू नये, परीक्षा केंद्रावर शोधावा.

एवढे मात्र मान्य करायला हवे की, वेळ अपुरा पडेल अशीच परीक्षा रचलेली असेल, तर जादा तासाचा फायदा कुणालाही होईल. त्यावर उपाय म्हणजे सर्वांचाच वेळ सैल करणे. खोटेपणाही होतो. अमेरिकेत २०१९ साली उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी मुलांना अक्षम ठरवून वाढीव वेळ मिळवल्याचे दिसले. अशांना शिक्षा व्हावी, पण त्यांच्या लबाडीची किंमत माझ्या हाताने का मोजावी?

आपल्या ओळखीत असा विद्यार्थी असेल, तर त्या वेळी लागू असलेल्या सूचनांची छापील प्रत सोबत ठेवायला आणि पेपर सुरू होण्याआधीच केंद्रप्रमुखांना दाखवायला सांगा. मी ती तीन तास संपल्यावर काढली, ही माझी चूक झाली. आणि वर्तुळांविषयी शंका उरलीच असेल, तर माझ्या मामेभावाला जे मी त्या पंगतीत सांगू शकलो नाही, ते वरच्या गुणाकारात आहे.