गाइड निवडताना एच-इंडेक्स किती धरायचा?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. गणित झाली, नेट-जेआरएफही (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली. पीएचडीसाठी दोन गाइड तयार आहेत. पुण्याचे गणिताचे प्राध्यापक : 26 पेपर, एच-इंडेक्स 9. नवी मुंबईतले दुसरे कॅन्सरच्या जनुकीय डेटावर काम करतात : 190 पेपर, एच-इंडेक्स 47. मुलगी पुण्याचा हट्ट धरून बसली आहे. पुण्याच्या सरांच्या पेपरवर विद्यार्थ्याचं नाव कधी पहिलं, कधी शेवटी असतं. ते श्रेय देतात की नाही, शंका येते. दुसरीकडे घरून ये-जा होईल. मी बँकेत नोकरी केली आहे, आकडे मला कळतात. सोबत तक्ता जोडला आहे. – एक पालक, नेरूळ

उत्तर : नमस्कार. तक्ता छान झालाय, पण दोन वेगळ्या खात्यांच्या शिलका तुम्ही एकाच रकान्यात ओढल्यात.

एच-इंडेक्स 9 म्हणजे सरांचे निदान 9 पेपर असे आहेत, की त्या प्रत्येकाचा इतरांनी किमान 9 वेळा संदर्भ दिलाय. हे माप जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलं. त्याच पेपरात त्याने भौतिकशास्त्रातला सर्वांत वरचा आकडा दिला, एडवर्ड विटन यांचा 110. आणि जीवशास्त्रातला सॉलोमन स्नायडर यांचा 191. म्हणून विटन निम्मे ठरतात का? जीवशास्त्रात हे आकडे मुळातच मोठे येतात, असं हिर्शनेच तिथे नोंदवलंय. वाशीच्या मार्केटात हापूस पेटीवर जातो आणि कांदा क्विंटलवर, तसंच हे.

कारणं साधी आहेत. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये दहा-पंधरा माणसं एका वेळी चार कामं पुढे नेतात आणि प्रत्येक पेपराखाली संदर्भांची लांबलचक यादी असते. गणितात एक-दोघं मिळून एक सिद्धता लिहितात, तपासणीलाच वर्ष जातं, आणि तिचा उपयोग कुणाला पाच-सात वर्षांनी होतो. नियतकालिकांचा नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एका पेपरमागे सरासरी किती संदर्भ मिळाले तो आकडा, मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांवर काढतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी स्वतःच्या मोजणीत पाच वर्षं धरते, ते उगाच नाही. शिवाय जास्त सायटेशन, म्हणजे जास्त संदर्भ, म्हणजे थोरवी असंही नसतं. सर्वाधिक संदर्भ मिळालेला पेपर 1951 चा, लॉवरी आणि सहकाऱ्यांचा : प्रथिनं मोजायची एक पद्धत. लॅबोलॅबी ती वापरली गेली, म्हणून आकडा तीन लाखांच्या पुढे गेला.

आता नावांचं. इथे मात्र तुम्ही सरांवर अन्याय करताय. गणितात लेखकांची नावं इंग्रजी आडनावांच्या अक्षरक्रमाने छापतात. आपटे असाल तर कायम पुढे, वाघमारे असाल तर कायम मागे. कामाशी त्याचा संबंध नाही. जीवशास्त्रात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. त्यामुळे नावांचा क्रम बघायचाच असेल, तर तो दुसऱ्या यादीत बघा. 190 पैकी किती पेपरांवर त्यांचं नाव शेवटी आहे? बाकीच्यांत मोठ्या गटाच्या यादीत मधेच कुठेतरी असेल, तर ते काम त्यांच्या लॅबमधलं असेलच असं नाही. आणि पहिल्या जागी त्यांचे विद्यार्थी दिसतात का? दिसले तर उत्तम लक्षण आहे. ते गाइड वाईट आहेत असं मी म्हणतच नाहीये.

तुलना करायचीच तर पुण्याच्या सरांची त्याच शाखेतल्या, त्याच वयाच्या गणितज्ञांशी करा. आकडे एकाच ठिकाणचे घ्या. पेपर आणि संदर्भ मोजणाऱ्या गूगल स्कॉलर आणि स्कोपस अशा दोन याद्या आहेत. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटसुद्धा (छापण्याआधीचे पेपर) मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा फुगलेला असतो. स्कोपसवर विषयानुसार समतोल केलेला आकडाही मिळतो, त्यात 1 म्हणजे जगाची सरासरी. पण 26 पेपरांवर एखादाच गाजला तरी तो वरखाली होतो, फार विसंबू नका.

मुलीचे पेपर किती होतील, ही काळजी सध्या सोडा. यूजीसीने 2022 च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. संस्थेचा स्वतःचा काही नियम असेल तर तेवढा विचारून घ्या. जेआरएफची फेलोशिपही दोन्हीकडे तीच, महिन्याला आधी 37,000 रुपये आणि दोन वर्षांनी 42,000, अधिक घरभाडं.

ये-जा घरून होईल, हे तुम्ही शेवटी लिहिलंत. मला वाटतं, मनात ते पहिलं होतं. त्यात गैर काही नाही, पण मग मुलीशी त्यावर सरळ बोला, एच-इंडेक्सच्या आडून नको. सिद्धता लिहिण्यात रमलेल्या मुलीला जनुकांच्या डेटावर बसवायचं की नाही, हा प्रश्न 9 आणि 47 च्या वजाबाकीतून सुटत नाही.

दोन्ही गाइडच्या मागच्या चार-पाच विद्यार्थ्यांची नावं काढा. पीएचडीला किती वर्षं लागली, अर्धवट कुणी सोडली का, आज कुठे आहेत, सर आठवड्याला भेटायचे की सहा महिन्यांनी, हे फोनवर विचारा. फोन मात्र मुलीलाच करू द्या. वडिलांशी ती मुलं मोकळेपणाने बोलणार नाहीत.