यादी नंतर, आधी पोराला भेट

पोरी,

परवाचा तुझा फोन डोक्यातून जात नाही. ‘सर, तो मुलगा दोन आठवडे आलाच नाही, कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर यादीत टाकू का? मी तर सीएचबीवर, तासाच्या पैशांवर शिकवणारी, हे माझं कामही नाही.’ यातलं शेवटचं वाक्य पुन्हा माझ्यापुढे बोलू नकोस.

यादी नंतर. आधी त्याला भेट.

शिक्षक-पालक योजनेतल्या (शिक्षकानेच काही पोरांचं पालक व्हायचं, ती) बैठकांच्या सह्या मार्चमध्ये एकाच दुपारी, एकाच पेनाने होतात, हे मला नको सांगू. मीही केल्यात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी लावलेली माझी फाईल फार देखणी होती.

त्याच वर्षी गडचिरोलीकडचा एक पोरगा वर्गात होता. वही पुरवायची म्हणून समासातसुद्धा लिहायचा. दिवाळीनंतर यायचा थांबला. मी ओळीने अकरा तासिका त्याच्या नावापुढे लाल शाईने ‘गै’ लिहिलं. मग वर्धा रोडवरच्या एका लग्नात, डोक्यावर कागदी टोपी घालून तो माझ्या ताटात पुऱ्या वाढत होता. वसतिगृहात नंबर लागला नव्हता, खोलीचं भाडं थकलं होतं. हे मला नंतर त्याच्या मित्राकडून कळलं. मी त्याला काय विचारलं असेल? ‘परीक्षेचा फॉर्म भरला का?’ तो ‘हो सर’ म्हणाला. भरला नव्हता. तू जेवला का बाप्पा, एवढं तोंडातून निघालं नाही.

आता तर 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवायला सांगितलंय. तुमच्याकडे कोण आहे, ते प्राचार्यांना लेखी विचार. पण तो माणूस येईस्तोवर थांबू नको. आधी भेट.

बोलताना जीव नकोसा झालाय असं जाणवलं, तर सरळ तसं विचार. विचारल्याने ते डोक्यात भरतं, हा गैरसमज आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो; तो नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलून मोकळी होऊ नको, शेजारी बसून लाव. घरी कळवायचं ते शक्यतो त्याला सांगून.

मी पोरांना लाडावतो, सिलॅबस मागे ठेवतो, असं स्टाफरूममध्ये बोलायचे. राहायचं एखादं युनिट. त्यापायी विभागप्रमुखपद गेलं म्हणतात. (ते पाळीपाळीनेच मिळायचं, माझी पाळी संपली होती, पण हे कोणी सांगत नाही.) उरलेलं युनिट मी रविवारी शिकवलं, चहा माझ्या खिशातून. असो.

त्याच्या खोलीचा पत्ता वर्गातल्या पोरांना ठाऊक असतो. एकटी जाऊ नको, त्यातल्याच एकाला सोबत घे. तर्री-पोहे खाऊ घाल, मग बोल. पैसे माझ्याकडून घे.

यादी सोमवारी दिली तरी चालते. मी कधीच वेळेवर दिली नाही.

तुझा,
सर