टेबल सॉसाठी कमी खर्चात घरी काय बनवता येईल?

जुन्या टेबल सॉवर (टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडच्या करवतीवर) कापताना कडेच्या कपच्या उडतात आणि काटकोन साधत नाही, म्हणून नवीन मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी दोन गोष्टी स्वतः बनवून बघा.

ब्लेडभोवती टेबलात बसवलेल्या पट्टीची मूळ खाच रुंद असते. लाकडाच्या तंतूंना खालून आधार मिळत नाही, म्हणून कपच्या निघतात. त्याच मापाची प्लायवुडची पट्टी बसवा, वरून आडवी फळी क्लॅम्पने आवळा (हाताने मुळीच दाबू नका) आणि चालू ब्लेड हळूहळू वर आणत खाच पाडा. रायव्हिंग नाइफसाठी (ब्लेडमागची, कापलेली फट मिटू न देणारी पाती) खाच मागे वाढवून घ्या. ती पाती काढून कधीही काम करू नका.

खरा फरक मात्र क्रॉसकट स्लेडने, म्हणजे लाकूड आडवं कापताना ते धरून ब्लेडकडे सरकवणाऱ्या पाटाने पडतो. प्लायवुडचा तळ, खाली टेबलाच्या खाचेत न डगमगता सरकणाऱ्या कठीण लाकडाच्या पट्ट्या, मागे सरळ फेन्स (लाकूड टेकवायची उभी फळी). फेन्स आधी एकाच स्क्रूवर ठेवा. चौकोनी तुकड्याच्या चारही बाजू, प्रत्येक वेळी ताजी कापलेली बाजू फेन्सला टेकवत, ओळीने कापा. मग पहिली बाजू पुन्हा कापून एक बारीक पट्टी काढा. तिच्या दोन टोकांच्या रुंदीतला फरक म्हणजे चौपट झालेली चूक. ०.४ मिमी आला, तर पट्टीच्या लांबीएवढ्या अंतरात फेन्स ०.१ मिमी तिरका आहे. तेवढाच सरकवा, पुन्हा तपासा, मगच बाकीचे स्क्रू आवळा.

स्लेडखालच्या पट्ट्यांना मेण लावा. ब्लेड बोथट असेल, तर सर्वात आधी ते बदला.