आपण बोलायला लागलो की कुत्रा मान तिरकी का करतो?

तुम्ही लिहिलंय की तुमचा आठ महिन्यांचा बीगल, आई व्हिडिओ कॉलवर "जेवलास का रे बाळा" म्हणाली की मान तिरकी करून फोनकडे बघत बसतो, तर त्याला खरंच काही कळतं की आपल्यालाच तसं वाटतं. मला विचाराल तर कळतं, निदान कळून घ्यायचा प्रयत्न तरी तो अगदी मनापासून करतोय.

आमच्याकडे चिंगी आहे, देशी, ठाण्यात नौपाड्याला आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सापडलेली, आता नऊ वर्षांची झाली. तिची मान "चावी" या शब्दाला तिरकी होते, कारण चावी म्हणजे स्कूटर आणि स्कूटर म्हणजे पुढे पायाशी बसून उपवनला जाऊन तलावाशी फिरून यायचं. पण मी चावी हातात घेऊन वाजवली तर मान वगैरे काही नाही, ती सरळ दाराशी पळते. आणि बायकोशी बोलता बोलता सहज "कपाटाची चावी कुठे ठेवलीस गं" म्हटलं की झोपेतून उठते, कान टवकारते आणि मान उजवीकडे. म्हणजे शब्द ओळखीचा आहे पण आता पुढे काय होणार ते कळत नाहीये, अशा वेळी ती तसं करते. नऊ वर्षं बघतोय मी हे.

यावर अभ्यासही झालाय. बुडापेस्टच्या एट्वोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये तो छापला. ४० कुत्रे होते आणि मालकाने खेळण्याचं नाव घ्यायचं, खेळणं दुसऱ्या खोलीत ठेवलेलं, कुत्र्याने जाऊन तेच उचलून आणायचं. ३३ कुत्र्यांना नावं काही शिकता आली नाहीत, ७ जणांना आली, ते सातही बॉर्डर कोली जातीचे. तर नाव ऐकल्यावर त्या हुशार सातांनी ४३ टक्के वेळा मान तिरकी केली, बाकीच्यांनी जेमतेम २ टक्के वेळा. संशोधकांचा अंदाज असा की नाव ऐकून ते खेळणं डोक्यात आठवताना, लक्ष एकवटताना हे होत असावं. आणखी एक, प्रत्येक कुत्र्याची बाजू ठरलेली होती, मालक कुठेही उभा राहिला तरी तीच. आमची चिंगी कायम उजवीकडे, हे वाचून मला फार आनंद झाला होता. फक्त यावरून मान तिरकी न करणारा कुत्रा मठ्ठ असं समजू नका, त्या ३३ जणांना ते शब्द ओळखीचे नव्हते एवढंच.

दुसरं एक कारण सांगतात ते नाकाचं. आपली मूठ नाकावर धरून समोरच्याकडे बघा, त्याचं तोंड झाकलं जातं. लांब तोंडाच्या कुत्र्याला आपण कायम असे दिसत असणार. स्टॅन्ली कोरेन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी ५८२ मालकांना विचारलं, तर लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या ७१ टक्के मालकांनी सांगितलं की आमचा बऱ्याचदा मान तिरकी करतो, आणि चपट्या तोंडाच्यांच्या ५२ टक्के मालकांनी. फरक आहे, पण पग जातीच्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला नाक आडवं येतच नाही आणि तरी निम्म्याहून जास्त मालक हो म्हणतायत, म्हणून मला हे कारण अर्धवट वाटतं. तुमच्या बाबतीत आवाज फोनच्या बारक्या स्पीकरमधून येतोय, माणूस समोर नाही, वासही नाही, मग तो नेमका कुठून येतोय हे शोधायलाही तो कान वरखाली करत असेल. आणि आपण लगेच "ओले माझं शोनं" करून बिस्कीट देतो, त्यामुळे ती सवय पक्की होते हे तर आहेच.

आता मुख्य सांगायचंय ते. बोलणं संपलं की मान सरळ झाली पाहिजे. एका जुलैत चिंगी जेवतानासुद्धा मान कलती ठेवायला लागली, घरात कोणी काही बोलत नसताना, आणि आम्ही दोन दिवस तिचे फोटो काढत बसलो. तिसऱ्या दिवशी ती जिन्यात तोल जाऊन घसरली तेव्हा व्हेटकडे पळालो, तर कानात आतपर्यंत इन्फेक्शन होतं. ते दोन दिवस मला अजून आठवतात. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते, तिथे बिघाड झाला की मान एका बाजूला कलूनच राहते, कुत्रा गोल गोल फिरतो, डोळ्यांची बुबुळं झटके देत हलतात. म्हाताऱ्या कुत्र्यांना हे अचानक होतं, लोक पॅरालिसिस समजून हाय खातात, पण बरेचसे काही दिवसांत सावरतात. तरी दाखवायचं त्याच दिवशी. शेजारच्या काकूंनी प्रेमानेच सांगितलं होतं की कोमट तेल घाल कानात, ते मात्र करू नका, आत पडदा फाटलेला असेल तर औषधाचे थेंबसुद्धा नुकसान करू शकतात.

बीगलचे कान लोंबते, आत हवा खेळत नाही, आणि आपल्या ठाण्याचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे. फिरवून आणलं की कान उचलून वास घ्या, आंबूस वास, काळपट मळ किंवा लाली दिसली तर थांबू नका.

आणि एकदा आईंना तेच वाक्य अगदी सपाट, लाड न करता म्हणायला सांगा. तरी मान हलली तर तो शब्द ओळखतोय, नाहीतर तो लाडाचा सूर ओळखतोय. कोणत्या बाजूला कलते तेही बघून इथे लिहा.