जर्मन कादंबरीकार हेसे वाचायला घेतोयस तर...

'सिद्धार्थ'पासून सुरुवात कर, पण एक गैरसमज आधीच काढून टाक. हे बुद्धाचं चरित्र नाही. यातला सिद्धार्थ वेगळा. तो गौतमाला भेटतो, त्याची शिकवण ऐकतो आणि तरीही त्याच्यामागे जात नाही. मित्र गोविंद मात्र गौतमाच्या भिक्षुसंघात राहतो. अख्खी कादंबरी या नकारावर उभी आहे, ते पान सावकाश वाच.

हर्मन हेसेचा जन्म 1877चा, जर्मनीतल्या काल्वचा. घर मिशनऱ्यांचं. आजोबा हर्मन गुंडर्ट म्हणजे मल्याळम कोशकार, आई जन्मली केरळातल्या तलश्शेरीत. त्यामुळे 'पाश्चात्त्याला आपलं काय कळणार' हा शेरा जरा जपूनच मार. 1911मध्ये तो पूर्वेकडे आला खरा, पण सिलोन, मलाया, सुमात्रा करून परतला. सिद्धार्थाचा भारत त्याला घरातून आणि पुस्तकांतून मिळालेला.

पुढे 'डेमियन' घे. 1919मध्ये ते 'एमिल सिंक्लेअर' या टोपणनावाने आलं. त्याआधीच्या काळात हेसे मनोविश्लेषणाचे उपचार घेत होता, ते पानापानांत जाणवतं. सेमिनरीतून, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेतून, पळालेला मुलगा हवा असेल तर 'चाकाखाली' वाच, छोटी आहे.

'स्टेपनवुल्फ'ची घाई नको. नायक पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा. विशीत मला त्यात फक्त बंडखोरी दिसली होती, विनोद पार सुटला. आणि 1943चा 'काचमण्यांचा खेळ'? थोर आहे, पण सुरुवातीची प्रस्तावना रटाळ वाटली तर सरळ ओलांड, नंतर परत ये.